अंगातली ऊब आणि ‘द लास्ट ऑफ अस’ची बुरशी

साल १९६८. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्टुडिओत गप्पांचा कार्यक्रम चालू आहे. समोर प्रेक्षक, मधे सूत्रसंचालक आणि खुर्च्यांवर दोन शास्त्रज्ञ. विषय आहे जगभर पसरू शकणारी साथ. एक जण विषाणूंची भीती सांगतो. दुसरे, डॉ. न्यूमन, म्हणतात की विषाणूंनी माझी झोप उडत नाही. त्यांच्याशी माणूस आरंभापासून लढतोय, लाखो माणसं मरतात, पण शेवटी आपण जिंकतो. मला भीती वाटते ती बुरशीची. प्रेक्षक हसतात. पुढच्या दोन-तीन मिनिटांत ते हसू हळूहळू विरत जातं आणि शेवटी स्टुडिओत कुणी हलतसुद्धा नाही.

‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेची ही सुरुवात. १५ जानेवारी २०२३ रोजी एचबीओवर तिचा पहिला भाग आला. २०१३ साली याच नावाचा व्हिडिओ गेम आला होता. तो लिहिणारे नील ड्रकमन आणि पटकथाकार क्रेग मेझिन यांनी मिळून ही मालिका उभी केली. कथा अशी, की कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांत शिरते, त्यांचा ताबा घेते आणि काही दिवसांत जग कोलमडतं. पुढे वीस वर्षांनी जोएल नावाचा एक खचलेला बाप एली नावाच्या एका मुलीला घेऊन निघतो, तो प्रवास म्हणजे मालिका. पण मला बोलायचंय ते त्या सुरुवातीच्या काही मिनिटांबद्दल, आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या तशाच एका प्रसंगाबद्दल. कारण त्या संवादांत खरं विज्ञान कुठे संपतं आणि कथा कुठे सुरू होते, ती रेघ फार बारीक आहे. ती सापडली की मालिका दुसऱ्यांदा पाहताना वेगळीच दिसते.

आणखी एक कारण आहे. मालिका आली तेव्हा आपल्याकडच्या २०२१ च्या, काळ्या बुरशीच्या उन्हाळ्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आमच्या गल्लीतले एक काका कोविडमधून उठले आणि आठवड्याभरात त्यांचा गाल बधिर झाला, डोळा सुजला. तो डोळा काढावा लागला. त्यामुळे डॉ. न्यूमन बुरशीचं नाव घेतात आणि प्रेक्षक हसतात, त्या क्षणी मला हसता आलं नाही.

आधी बुरशी म्हणजे काय ते पाहू. पावसाळ्यात पावावर येणारी लव, लोणच्यावरचा पांढरा थर, पाव फुगवणारं यीस्ट, वारुळापाशी उगवणारी अळंबी, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, हे सगळं एकाच कुळातलं. शाळेत आपण तिला वनस्पतींच्या शेजारी बसवली होती, पण नात्याने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. ती झाडासारखं स्वतःचं अन्न बनवत नाही. केसांहून बारीक तंतू सोडते, पाचक रस बाहेर टाकते आणि जे विरघळेल ते शोषून घेते. आपण अन्न पोटात घेऊन पचवतो. बुरशी अन्नाच्या पोटात शिरून त्याला पचवते. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

मुंगळ्याची गोष्ट खरी आहे

डॉ. न्यूमन सांगतात की काही बुरशींना मारण्यापेक्षा ताबा घेण्यात रस असतो. ते मुंगीचं उदाहरण देतात, आणि ते अगदी खरं आहे. ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस हे त्या बुरशीचं नाव. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तिचे नमुने गोळा केले होते. थायलंडच्या जंगलात तिच्यावर खूप बारकाईने काम झालं. तिथले मुंगळे उंच झाडांवर राहतात. बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी, अंगावर पडला की तो मुंगळ्याचं कवच भेदून आत शिरतो. काही दिवसांनी मुंगळा रांग सोडतो, झाडावरून खाली येतो आणि जमिनीपासून साधारण २५ सेंटीमीटर उंचीवरच्या पानाखाली जाऊन, बहुतेक दुपारच्या सुमारास, पानाच्या शिरेला कडकडून चावा घेतो. तो चावा पुन्हा सुटत नाही. मुंगळा तसाच मरतो. मग त्याच्या मानेमागून बुरशीचा एक देठ वर येतो आणि त्यातून खाली वावरणाऱ्या मुंगळ्यांवर बीजाणूंचा पाऊस पडतो. ती उंची, तिथला ओलावा, तिथली ऊब बुरशीला वाढायला नेमकी हवी तशी असते.

हा खेळ किती जुना आहे? जर्मनीत मेसेल इथे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका पानाचा जीवाश्म सापडला आहे. त्याच्या शिरांवर अगदी अशाच चाव्याच्या खुणा आहेत. माणूस नावाची जात तेव्हा पृथ्वीवर यायचीच होती.

डॉ. न्यूमन म्हणतात की बुरशी मुंगीच्या मेंदूत पोचते आणि तिथे भ्रम निर्माण करणारी रसायनं ओतते. १९६८ मधला शास्त्रज्ञ असं म्हणाला असता, यात नवल नाही. पण २०१७ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मुंगळ्यांच्या शरीराचे अतिशय पातळ काप घेऊन त्यांची त्रिमितीय चित्रं जुळवली, तेव्हा वेगळंच दिसलं. बुरशीच्या पेशी डोक्यात होत्या, छातीत होत्या, पायांत होत्या, पण मेंदूच्या आत नव्हत्या. त्यांनी स्नायूंच्या धाग्यांभोवती एकमेकींना जोडलेलं जाळं विणलं होतं. मेंदूवर बाहेरून काही रसायनांचा परिणाम होत असावा, पण पायांच्या दोऱ्या बुरशीच्या हातात होत्या. मला हे मालिकेतल्या कल्पनेपेक्षा जास्त भयानक वाटतं. मुंगळ्याला जर काही कळत असेल, तर त्याला आपले पाय कुठे चाललेत हे कळत असताना ते थांबवता येत नसतील.

याच संवादात डॉ. न्यूमन एलएसडी या भास घडवणाऱ्या रसायनाचा उल्लेख करतात, की ते अरगटपासून मिळतं, म्हणजे बुरशीपासूनच. हेही खरं. १९३८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी अरगटमधल्या रसायनापासून ते बनवलं. अरगट हा शब्द आपल्या बाजरीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. फुलोऱ्यात पाऊस लागला की कणसातून मधासारखा चिकटा गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात, तोच हा रोग. बाजरीवरची अरगट आणि परदेशातल्या राय धान्यावरची अरगट या जवळच्या बहिणी आहेत. दोघी कॉर्डिसेप्सच्या भाऊबंदांपैकी, एकाच गणातल्या.

हे नातं इथेच संपत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे उसाला हुमणी लागली की शेतकरी शेणखतात मेटारायझियम मिसळून सरीत टाकतात. भाजीपाल्यावर बिव्हेरिया फवारतात. कृषी सेवा केंद्रात किलोकिलोच्या पिशव्यांतून मिळणारी ही जैविक कीडनाशकं म्हणजे किडींच्या अंगात शिरून त्यांना खाणाऱ्या जिवंत बुरशी आहेत. हुमणीची अळी मरते, कडक होते आणि तिच्यावर हिरवट भुकटी येते. ते बीजाणू, पुढच्या अळीसाठी. बिव्हेरिया तर कॉर्डिसेप्सच्या थेट घरातली. तिचं दुसरं रूप शास्त्रात कॉर्डिसेप्स याच नावाने नोंदलेलं आहे. मालिका पाहून घाबरलेल्या माणसाला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही, पण शेतात उघड्या हातांनी ती बुरशी मिसळणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. तोंडाला रुमाल बांधावा, हातमोजे घालावेत, ही काळजी योग्यच. पण त्या माणसांच्या अंगात तंतू का वाढत नाहीत? उत्तर डॉ. न्यूमन यांच्याच पुढच्या वाक्यात आहे.

३७ अंशांची भिंत

बोलता बोलता दुसरे शास्त्रज्ञ त्यांना अडवतात, की असे संसर्ग किड्यांत होतात, माणसांत नाही. डॉ. न्यूमन ते मान्य करतात. यजमानाच्या अंगातलं तापमान ९४ फॅरनहाइटच्या वर असेल तर बुरशी टिकत नाही. म्हणजे सुमारे साडेचौतीस सेल्सियस. आपलं अंग ३७ च्या आसपास.

पहिल्या भागातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे आणि त्यामागे पक्का अभ्यास उभा आहे. तो १९६८ चा नाही, २००९ चा. व्हिन्सेंट रॉबर्ट आणि आर्टुरो कॅसाडेव्हाल या दोघांनी नेदरलँड्समधल्या एका मोठ्या संग्रहातले बुरशीचे सुमारे ४,८०० वाण कोणत्या तापमानाला वाढतात ते तपासलं. बहुतेक वाण ३० अंशांपर्यंत मजेत वाढत होते. त्यापुढे ३० ते ४० अंशांच्या मधे प्रत्येक अंशाला सुमारे ६ टक्के वाण गळत गेले. बेडूक, सरडे, किडे, झाडं यांना बुरशीचे रोग इतके आणि आपल्याला इतके कमी, याचं एक मोठं कारण हे. आपण सतत अंगात शेकोटी पेटती ठेवतो. त्यासाठी दिवसातून कितीतरी वेळा खावं लागतं, आणि ते खाणं काही अंशी बुरशीपासूनच्या संरक्षणाची किंमत आहे, असं कॅसाडेव्हाल यांचं म्हणणं.

ही भिंत किती खरी आहे ते बघायचं तर वटवाघळांकडे बघावं. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी लव आलेली वटवाघळं दिसली. वटवाघूळ सस्तन प्राणी, अंग गरम. पण हिवाळी झोपेत ते आपलं तापमान गुहेच्या थंडीपर्यंत खाली आणतं. ही बुरशी थंडीतच वाढणारी, २० अंशांच्या वर तिची वाढ थांबते. जाग्या वटवाघळाला ती हात लावू शकत नाही, झोपलेल्याला गाठते. उत्तर अमेरिकेत तेव्हापासून लाखो वटवाघळं मेली. शेकोटी विझली की काय होतं, ते इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या अंगावरही हेच दिसतं. नायटा, गजकर्ण, चिखल्या हे सगळं कातडीवर, कारण कातडी आतल्या अवयवांपेक्षा थंड. तीच बुरशी आत, रक्तात, सहसा उतरत नाही.

पण ही भिंत सरसकट नाही, आणि इथे डॉ. न्यूमन जरा जास्तच ठाम बोलतात. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी तापलेल्या कंपोस्टच्या ढिगात, ५० अंशांतही वाढते. आपण रोज तिचे बीजाणू श्वासातून आत घेतो. तरी आपण आजारी पडत नाही, कारण आत दुसरी भिंत आहे, पांढऱ्या पेशींची. त्या पेशी बीजाणूंना रुजण्याआधीच खाऊन टाकतात. एचआयव्ही, कॅन्सरची औषधं, अवयवरोपण, बेताल मधुमेह यांनी ही दुसरी भिंत पडली की अ‍ॅस्परजिलस फुप्फुसात घर करते. दोन भिंती आहेत. मालिका पहिलीबद्दल बोलते. आपल्याकडे २०२१ मध्ये दुसरी पडली होती.

आता तो प्रश्न, ज्याने स्टुडिओ शांत होतो. समजा, जग थोडं गरम झालं तर? मग बुरशीला उष्णता सोसायला शिकण्याचं कारण मिळेल, असं डॉ. न्यूमन म्हणतात. पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा एक अंशाहून अधिक वाढलंय. एका अंशाने काय होतं, असं वाटू शकतं. पण सरासरीने बुरशी मरत नाही, ती मरते उन्हाच्या लाटेत. प्रत्येक कडक उन्हाळ्यात नाजूक वाण मरतात आणि चिवट उरतात. पुढच्या वर्षी चिवटांचीच पिल्लावळ. असं घडत राहिलं तर कुठलीतरी बुरशी एक दिवस ३७ अंशांत आरामात राहील, असा हा तर्क आहे.

तसं काही घडलंय का? एका बुरशीवर संशय आहे. २००९ साली जपानमध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या कानातून एक नवीच बुरशी मिळाली. लॅटिनमध्ये कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून तिचं नाव कॅन्डिडा ऑरिस. पुढच्या काही वर्षांत ती दक्षिण आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी दवाखान्यांत उगवली. जनुकं तपासली तर प्रत्येक खंडातली वेगळी. म्हणजे विमानात बसून पसरली नव्हती, जागोजागी स्वतंत्रपणे वर आली होती. सगळीकडे एकाच वेळी काय बदललं? कॅसाडेव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उत्तर सुचवलं, तापत चाललेलं हवामान. हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या अनुराधा चौधरी यांच्या गटाला अंदमानच्या खाजणात आणि वाळूच्या किनाऱ्यावर हीच बुरशी मिळाली, आणि त्यातला एक नमुना गरम तापमानात इतरांपेक्षा मंद वाढत होता. जणू त्याने अजून माणसाच्या अंगात राहायचं शिकून घेतलं नव्हतं.

इथे कथा विज्ञानाचा हात सोडते

डॉ. न्यूमन पुढे म्हणतात की एखादं जनुक बदललं की कॅन्डिडा, अरगट, कॉर्डिसेप्स किंवा अ‍ॅस्परजिलस आपल्या मेंदूत शिरून अब्जावधी लोकांचा ताबा घेऊ शकेल. या चार नावांतली कॅन्डिडा आणि अ‍ॅस्परजिलस ही नावं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केलेल्या १९ धोकादायक बुरशींच्या यादीत अगदी वरच्या गटात आहेत. पटकथाकाराने अभ्यास केलाय. पण ‘एक जनुक’ हे वाक्य कथेचं आहे.

उष्णता सोसणं ही एक गोष्ट. ताबा घेणं ही अगदी वेगळी. मुंगळ्याचा ताबा घेणारी बुरशी त्या एका जातीच्या मुंगळ्यासोबत लाखो वर्षं घासून घासून घडलेली असते. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या मुंगळ्यातसुद्धा तिचं कौशल्य सहसा चालत नाही. कुलूप वेगळं, किल्ली वेगळी. त्या किल्लीने माणसाच्या मज्जासंस्थेचं कुलूप उघडेल, असं मानायला काही आधार नाही. शिवाय नायट्यासारखे कातडीवरचे सोडले, तर बुरशीचे आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे फारसे जात नाहीत. आपल्याला ती मातीतून, हवेतून, कुजलेल्या पाल्यातून मिळते. कॅन्डिडा ऑरिस दवाखान्यात हातांमार्फत पसरते, म्हणून तर तिची इतकी धास्ती आहे. चावून बुरशी पसरणं हे सगळं पडद्यावरचं.

बरं, कॉर्डिसेप्स माणसं मुद्दाम खातात. उत्तराखंडात पिथौरागढकडच्या उंच कुरणांवर बर्फ वितळला की लोक गुडघ्यांवर सरपटत कीडाजडी शोधतात. अळीला मारून तिच्या डोक्यातून उगवलेली ही ऑफिओकॉर्डिसेप्सच. पैसा इतका, की गावंच्या गावं त्या हंगामात वर जातात, आणि खाणाऱ्याच्या पोटात ती पचून जाते.

मग डॉ. न्यूमन म्हणतात त्यातलं शेवटचं: औषध नाही, प्रतिबंध नाही, उपाय नाही. लशीपुरतं हे आजही खरं आहे. माणसातल्या बुरशीच्या एकाही आजारावर मान्यता मिळालेली लस नाही. औषधांबाबत मात्र ते १९६८ मध्येसुद्धा चूक होते. निस्टॅटिन १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी शोधलं होतं. अ‍ॅम्फोटेरिसिन बी १९५० च्या दशकातच आलं. आणि आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक शोधलं. ते देणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचं नाव थेट शास्त्रात गेलं. पिंपरीत राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल!

तरीही बुरशीवरची औषधं फार थोडी आहेत, मुख्य गट चारच. जिवाणूंवरच्या औषधांची रांग त्यामानाने किती लांब. कारण मघाच्या नात्यात आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून इतकी वेगळी, की तिला मारणारं औषध आपल्याला सहसा लागत नाही. बुरशीची पेशी आपल्यासारखीच, केंद्रक असलेली. तिला घातक ते बहुतेक आपल्यालाही घातक. जो थोडा फरक आहे, तोच धरून औषध बनवावं लागतं. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. अ‍ॅम्फोटेरिसिन अर्गोस्टेरॉलला धरतं, पण कोलेस्टेरॉलही त्याच्या तावडीत थोडं सापडतंच, म्हणून मूत्रपिंडांना त्रास होतो.

हे नाव वाचताना अनेकांना २०२१ आठवेल. त्या मे-जूनमध्ये अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत होते. जुलैपर्यंत देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, ४,३०० हून अधिक दगावले, आणि रुग्णसंख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. ‘काळी बुरशी’ म्हणत होतो आपण, पण बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त थांबतं आणि मेलेला भाग काळा पडतो. त्या कुळातली मुख्य बुरशी ऱ्हायझोपस, पावावर उगवते तिची सख्खी बहीण. ती तेव्हा काही बदलली नव्हती. जनुकही नाही, स्वभावही नाही. बदललो होतो आपण. स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशी मंदावल्या, साखर चारशे-पाचशेवर गेली, रक्त आंबट झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटतं, आणि या बुरशीला लोह फार प्रिय. रोज नाकातून आत-बाहेर करणाऱ्या बीजाणूंना पहिल्यांदाच दार उघडं मिळालं. डॉ. न्यूमन सांगतात ते भविष्य यायला बुरशीने बदलावं लागतं. आपल्याकडे तिने तेवढीही तसदी घेतली नाही.

पीठ आणि धागे

दुसरा भाग २२ जानेवारीला आला. त्याची सुरुवात जकार्तात होते, सप्टेंबर २००३. जेवायला बसलेल्या एका प्राध्यापक बाईंना सरकारी माणसं उठवून घेऊन जातात. त्या बुरशीशास्त्राच्या तज्ज्ञ. ख्रिस्टीन हाकिम या इंडोनेशियातल्या मोठ्या अभिनेत्रीने ती भूमिका केलीय. लष्करी अधिकारी त्यांना सांगतो की हे सगळं पीठ आणि धान्याच्या एका कारखान्यातून सुरू झालं. बाई हळूच म्हणतात, बुरशीला वाढायला याहून चांगली जागा नाही.

हे कळलं की पहिला भाग उलगडतो. जोएलच्या मुलीला, साराला, सकाळी पॅनकेक हवे असतात, पण पीठ आणलेलं नसतं. शेजारी बिस्किटं देऊ करतात, जोएल पथ्याचं कारण सांगून नाही म्हणतो. शेजारणीच्या कुकीज सारा घेत नाही. जोएल स्वतःच्या वाढदिवसाचा केक आणायला विसरतो. शेजारची म्हातारी आजी मात्र बिस्किटं खाते. कुणी मोठ्याने काहीच बोलत नाही. एका पिठाभोवती अख्खा दिवस विणलाय आणि पहिल्यांदा पाहताना तो आपल्या लक्षातही येत नाही. मला पटकथेतलं हे काम फार आवडलं.

विज्ञान म्हणून मात्र इथे अडचण आहे. भाजताना पावाच्या गाभ्याचं तापमानही ९० अंशांच्या पुढे जातं. त्यात बुरशीचे बीजाणू जगत नाहीत. टिकतं ते बुरशीने मागे ठेवलेलं विष. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवेळी पाऊस झाला, साठवलेल्या मक्याला बुरशी लागली. आदिवासी कुटुंबांकडे दुसरं धान्य नव्हतं. तोच मका त्यांनी खाल्ला आणि शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन गेली. बुरशी भाकरीत मेली होती, अफ्लाटॉक्सिन उरलं होतं. धान्याची बुरशी जिथे खरोखर माणसं मारते, तिथे ती गरिबांच्या कणगीत असते.

आणखी एक बदल. गेममध्ये संसर्ग हवेतल्या बीजाणूंनी होतो, पात्रं मास्क लावून फिरतात. मालिकेत चेहरे दिसायला हवेत, म्हणून निर्मात्यांनी बीजाणू काढले आणि तंतू आणले. दुसऱ्या भागात जोएलची साथीदार टेस सांगते की हे तंतू जमिनीखालून जोडलेले असतात. इथे पाय पडला तर तिकडे दूरवरचे जागे होतात. बुरशीचं जाळं एवढं मोठं असू शकतं, हे खरं. अमेरिकेत ऑरेगनच्या जंगलात एका आर्मिलॅरिया बुरशीचं जाळं साडेनऊ चौरस किलोमीटरभर पसरलंय. पण त्यातून निरोप क्षणात पोचत नाहीत. बुरशीचं जग सावकाश चालतं.

या दोन भागांतलं मला सर्वांत खरं वाटलं ते दृश्य जकार्तातलंच आहे, आणि त्यात कुणी धावत नाही, ओरडत नाही. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. ऑफिओकॉर्डिसेप्स, त्या सांगतात. मग विचारतात, काच तयार करताना क्लोराझोल का वापरलं? कारण ते रंगद्रव्य माणसाच्या शरीरातले नमुने बघायला वापरतात. अधिकारी म्हणतो, नमुना माणसाचाच आहे. बाई म्हणतात, कॉर्डिसेप्स माणसात जगू शकत नाही. तिथून पुढे त्यांचा चेहरा पाहत राहावा असा आहे. आयुष्यभर वाचलेलं, शिकवलेलं सगळं त्या भिंगाखाली खोटं ठरत असतं आणि ते आधी फक्त त्यांनाच कळलेलं असतं.

आपल्याकडेही तसंच होतं त्या उन्हाळ्यात. नाकातून घेतलेला काळपट तुकडा काचेवर ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि बघायचं. म्युकर असेल तर रुंद, फितीसारखे, मधे पडदे नसलेले आणि काटकोनात फुटलेले धागे दिसतात. जिल्ह्याजिल्ह्यातल्या मायक्रोबायोलॉजीच्या खोल्यांत पीपीई किटमध्ये घामाघूम झालेली माणसं रात्री-अपरात्री ते धागे शोधत बसली होती. दिसले की वॉर्डला फोन जायचा, आणि तो फोन येईपर्यंत गल्लीतल्या काकांचा मुलगा बाहेरच्या बाकावर बसून होता.